रेवा का खपली नाही

“रेवाला काढून टाकू,” साठेसाहेब म्हणाले आणि रिटर्नचा रिपोर्ट त्यांनी माझ्याकडे सरकवला. जूनचा सीझन संपला होता. न खपलेल्या कंपासपेट्या दुकानदारांनी परत पाठवल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक रेवाच्या होत्या.

मी तेव्हा पुण्यातल्या एका शालेय वस्तूंच्या कंपनीत मार्केटिंगला होते. मुंबईची एक फिल्म कंपनी आम्हाला लायसन्स द्यायची, म्हणजे तिच्या अ‍ॅनिमेशनपटांतल्या नायिकांची चित्रं मालावर छापायची परवानगी. नायिका पुष्कळ, पण अधिकृत लाइनअपमध्ये चारच. दप्तर, डबा, बाटली, सगळीकडे त्याच चौघी. तिघी राजकन्या होत्या. चौथी रेवा, नावाड्याची पोर, ओचा खोचून होडी वल्हवणारी. पिक्चर तिचाही चालला होता.

“मुलींना मुकुट हवा, वल्हं नको. मार्केट बोललं,” साहेब म्हणाले. मला पटलं. खोटं कशाला सांगू, वर्षभर मीही हेच म्हणत होते. त्याच दिवशी मुंबईला ई-मेल गेला.

दुसऱ्या दिवशी शुभांगी वानखेडे ऑफिसात आली. रेवाचं चित्र मुळात तिनं रेखाटलेलं. यवतमाळहून येऊन ती नारायण पेठेतल्या एका छोट्या स्टुडिओत काम करत होती; मुंबईच्या कंपनीसाठी रेवाचा पिक्चर तिथंच बनला होता. रेवा लाइनअपमध्ये राहिली तरच पिक्चरचा दुसरा भाग निघणार होता, कारण असे पिक्चर तिकिटांपेक्षा दप्तरं-डब्यांच्या जोरावर निघतात. दुसरा भाग नाही, तर स्टुडिओ बंद.

“मॅडम, मुलींनी ती पेटी हातात घेऊन परत ठेवली का?” तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं, म्हणून मला उलट तिचाच राग आला. त्या रागातच मी बुधवार पेठेतल्या आमच्या जुन्या दुकानदाराकडे, गोडबोल्यांकडे गेले.

“रेवा का खपली नाही हो?”

“कोण रेवा?”

“अहो, तुम्हीच तिच्या पेट्या परत पाठवल्यात!”

“आम्ही खोके पाठवले. आत कोण बसलंय ते बघायला आम्ही काय टीसी आहोत?”

परत पाठवायचा राहिलेला एक खोका त्यांनी माझ्यासमोर उघडला. आमच्या खोक्यात चार थर असायचे. छपाईच्या मशीनवर एका वेळी एकच चित्र निघायचं, त्यामुळे एका थरात एकच नायिका. वरचे तीन थर रिकामे झाले होते. खाली रेवा, जशीच्या तशी.

“एक थर संपला की दुसरा काढायचा,” गोडबोले म्हणाले. “तळाशी पोचेपर्यंत शाळा सुरू होतात. मग खोका बंद करून परत. खोके भरणारे तुम्ही, आणि विचारता आम्हाला?”

भरण्याचा क्रम माझा होता. जे जास्त खपेल ते वर, हा आमचा पॅकिंगचा नियम. आणि कोण जास्त खपेल हे मी एकही पेटी विकली जायच्या आधीच ठरवलं होतं. पॅकिंग लिस्टवर सही माझी. दुकानात उभ्याउभ्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना सगळं सांगितलं.

“आता मुंबईला काय कळवणार?”

“चूक झाली म्हणून.”

“कळवा. पण तुमच्या नावानं. कंपनीच्या नको.”

तसं कळवलं. शिवाय गोडबोल्यांना मुद्दाम प्रत्येक थरात चौघी मिसळलेले खोके पाठवले. त्यांनी चौघी काउंटरवर शेजारीशेजारी मांडल्या. सहामाही परीक्षेपर्यंत चौघी जवळपास सारख्याच खपल्या. रेवा पहिली आली नाही, पण मागेही राहिली नाही.

हेही मुंबईला कळवलं. उत्तर आलं, की नव्या लाइनअपचा कॅटलॉग छापून तयार आहे, माहितीबद्दल आभार. चौथी नायिकाही आता मुकुटवाली होती.

तेव्हापासून माल परत आला की मी आधी पॅकिंग लिस्ट मागवायचे. गिऱ्हाइकाची आवड त्यानंतर.

स्टुडिओ दिवाळीआधी बंद झाला. शुभांगीला एका आयटी कंपनीत नोकरी मिळाली. काम, बँकेच्या अ‍ॅपमधल्या बटणांची चित्रं रेखाटायचं. मी तिला जाऊन भेटले, झालेलं सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

“नोकरी चांगली आहे, मॅडम. घरचे खूश आहेत.”

“चला, म्हणजे झालं ते बरंच झालं,” मी म्हणाले.

“बरं नाही झालं,” ती म्हणाली. “नोकरी चांगली आहे, एवढंच.”