बद्द आवाज

माझा मावसभाऊ विनूदादा चहा पिण्याआधी कपाला टिचकी मारतो आणि कान देऊन ऐकतो. लष्कराच्या चिलखती गाड्यांना बाहेरून ज्या सिरॅमिकच्या टाइल्स बसवतात, त्यांच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला. तिथे प्रत्येक टाइल वाजवून घेत. खणखणीत वाजली तर चांगली. बद्द वाजली, तर आत कुठेतरी तडा.

काल तो आमचं नवं स्वयंपाकघर बघायला आला. ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्स बोटाच्या पेराने वाजवत निघाला आणि एकीपाशी थांबला. मला ती इतरांसारखीच चकचकीत दिसली.

"दिसणार नाही तुला," तो म्हणाला. "स्फोट झाला की गाडीवरची टाइल स्वतः फुटते, म्हणून आतली माणसं वाचतात. पण ती आधीच तडकलेली असली, तर आतल्यांना कळत नाही. ते निवांत बसलेले असतात."

तो चहा पीत असताना मी त्या निवांत बसलेल्यांचाच विचार करत होते. ज्या भिंतींना आपण बिनघोर पाठ टेकतो, ज्या माणसांच्या भरवशावर झोपतो, त्यांना कुठे कोणी वाजवून पाहतं?

निघताना त्याने सवयीने माझ्या खांद्यावर दोन बोटं टकटकवली. "येतो गं, सुमे."

मग त्याचा हात तिथेच राहिला. मान जरा कलली. त्याने पुन्हा टकटक केलं, या वेळी हळू.

"काय रे दादा?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता चपला शोधू लागला. चपला त्याच्या पायातच होत्या.