मुक्या घंटा

हासम लोहाराच्या अंगणात घंटांचं खोकं परत येऊन पडलं, तेही दुसऱ्यांदा. कच्छमधल्या बन्नी माळरानावरच्या म्हशींच्या गळ्यातल्या घंटा घडवणं हा त्याचा पिढीजात धंदा. यंदा मात्र गुराख्यांना वाटेला लावून त्याने अख्खा हिवाळा ऑनलाइन दुकानवाल्या कंपनीसाठी भट्टी पेटती ठेवली होती. बारकोड चिकटवला, खोक्याची लांबी-रुंदी मोजली, पिशवीवर लहान मुलांसाठीची सूचनाही छापली. एवढं करून खोक्यावर चिठ्ठी काय, तर हलवल्यावर आतून आवाज येतो, माल फुटला असावा!

त्याने तणतणत फोन लावला.

"अहो बेन, घंटा आहेत त्या! वाजणार नाहीत तर काय करतील?"

"सर, नियमाप्रमाणे खोक्यातून आवाज येता कामा नये," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "पुन्हा परत आलं तर तुमचं खातं बंद होईल."

"मग कापूस पाठवू का?"

"कापसासाठी वेगळी नोंदणी लागेल, सर."

हासमने कपाळावर हात मारला. सुतळी घेऊन तो घंटांचे लोलक बांधायला बसला, तशी त्याची बायको जेनाबाई चुलीवरचं टाकून बाहेर आली. म्हशींचा मालक वारला, तरच इथे लोलक बांधतात आणि दुखवटा संपला की सोडतात.

"डोकं फिरलंय का तुमचं? मयताची खूण लोकांच्या घरी धाडताय?"

"त्या शहरवाल्यांना काय कळतंय!"

"तुम्हाला तर कळतंय ना?"

चिडून हासमने गाठी आणखी करकचून आवळल्या.

खोकं पास झालं. हासम चार दिवस मिशीला पीळ देत हिंडला. मग एकेक घंटा परत यायला लागली. गिऱ्हाइकांची तक्रार एकच, वाजत नाही. सुतळी सोडायची असते, हे त्याच्या मुलुखात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून त्याने ते कुठे लिहिलंच नव्हतं. सदोष माल म्हणून कंपनीने खातं बंद केलं ते केलंच.

संध्याकाळी म्हातारा मिसरी जत आला. हिवाळ्यात हासमने दारातून परतवून लावलेला गुराखी तो हाच. भिंतीशी पडलेला, लोलक बांधलेल्या घंटांचा ढीग बघून तो उंबऱ्यापाशीच थबकला. डोक्यावरचं फडकं सारखं करत हलक्या आवाजात म्हणाला,

"हासम, कोण गेलं रे?"

हासमला फार लाज वाटली. तो एक घंटा ओढून गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना.

मिसरी शेजारी बसला आणि कमरेची सुरी काढून त्याने पुढे केली.