काट्यावरचं लेकरू

वसमतकडच्या साखर कारखान्यात मी वजनकाट्यावर होतो. ऊसतोडीची एक बाई रोज गाडी मोजून झाली, की डोक्यावरची चुंबळ सोडून काट्यावर अंथरायची आणि तिच्यावर आपलं ओंजळीएवढं लेकरू ठेवून बाजूला व्हायची. मीटरवर शून्यच.

“काहून दाखवून न्हाई राहिला, दादा?”

“काटा दहा-दहा किलोनं मोजतो, बाई. पाचाच्या आतलं सोडून देतो.”

“सोडून देतो?” तिनं लेकरू झटकन छातीशी धरलं.

तरी ती येत राहिली. हंगाम संपता संपता मीटरवर दहा उमटले.

“दहा किलो भरलं की वो! काटा बराबर हाय ना, दादा?”

पाचाच्या जरा वर गेलं, की आमचा काटा सरळ दहा धरतो.

“एकदम बराबर,” मी म्हणालो.