लायटर पारखणारे तात्या

तात्यांनी उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नाही, पण लायटरशिवाय त्यांना कुणी पाहिलं नाही. वडिलांचे हे चुलतभाऊ. तरुणपणी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले, पुढे शेतीत रमले. एकदा पावसात काडेपेटी भिजली आणि दोन दिवस पीठ पाण्यात कालवून खावं लागलं, तेव्हापासून आगीच्या बाबतीत त्यांचा कुणावर भरवसा उरला नाही. "पानी कुनीबी देतंय. रानात इस्तू कोन देनार?" असं ते ज्याला त्याला विचारत.

मंठ्याच्या बाजारात ते लायटर घ्यायला आले की दुकानदार आधी स्वतःसाठी चहा सांगायचा. तात्या अख्खा डबा काउंटरवर मांडायला लावत. एकेक लायटर उजेडाकडे धरून आत गॅस किती ते बघत, मग पंख्यासमोर पेटवत, मग फरशीवर टाकत. जावई निवडतानाही माणूस इतका खोलात जात नाही. बटणाचा लायटर ते हातात घेत नसत. "बटनाचं थंडीत रुसून बसतंय. चाकाचं घ्या. गॅस सरला तरी ठिनगी पडती, बराबर."

खोड एकच. नव्या लायटरवर त्यांचा विश्वास बसायला आठवडा लागे, आणि तोवर तो घटकेघटकेला पेटवून पाहणं चालू असे.

ताईला पाहायला आलेले पाहुणे शेतात हुरडा खायला थांबले, तो दिवस मी विसरणार नाही. आधीची तीन स्थळं फिसकटली होती आणि हा मुलगा ताईला मनापासून आवडला होता. गोवऱ्या रचल्या, ज्वारीची कणसं आली, तात्यांनी ऐटीत चाक फिरवलं. ठिणगी पडली, जाळ नाही. सकाळपासून तपासून तपासून त्यांनी सगळा गॅस संपवला होता. कुणाकडे एक काडीही नव्हती, कारण तात्या असताना काडेपेटी आणली तर ते जेवत नसत. मुलाचे वडील घड्याळ बघू लागले. राहू द्या, जाताना शहागडला चहा घेऊ, असं ते म्हणाले आणि आईचा चेहरा उतरला.

तात्या उठून शेजारच्या वावरात गेले. पऱ्हाटीवर राहिलेला कापूस आणला, बोटांनी पिंजला, गोवरीवर ठेवला आणि ओणवे होऊन ठिणग्या पाडू लागले. ताईने डोळे मिटून घेतले होते. एकाएकी कापूस भडकला. गोवऱ्या पेटल्या, आणि तात्यांची डावी मिशीही. ती हाताने विझवून ते गंभीरपणे म्हणाले, "म्हनलं न्हवतं का, चाकाचं घ्या म्हनून?"

मुलाचे वडील हसता हसता सतरंजीवर आडवे झाले. मंडळी संध्याकाळपर्यंत हलली नाहीत. चार दिवसांत साखरपुडा झाला. उरलेली मिशी काढायला तात्या काही तयार होईनात, तसेच फोटोला उभे राहिले.

गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. हार घालण्याजोगा त्यांचा दुसरा फोटो घरात सापडेना. स्टुडिओवाल्याने विचारलं, कम्प्युटरवर मिशी भरून देऊ का. सासरहून आल्यापासून ताईचं रडू थांबलं नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले.

"हात लावू नका," ती म्हणाली. "त्या मिशीवरच तर माझं लग्न जमलंय."