हरिबाची पुली

आमच्या भवानी पेठेत हरिबाला सगळे जॉबर म्हणूनच ओळखतात. यंत्रमागाचा कारखाना चालू होता तोवर बिघडलेला माग दुरुस्त करायचा तो त्यानेच. शेजारच्या कारखान्यातूनही बोलावणं यायचं आणि हा भरल्या ताटावरून उठून जायचा. गेल्या वर्षी कारखाना बंद झाला, माग भंगारात गेले आणि हरिबा ओट्यावर बसला. बसला तो बसलाच. मी समोरच राहते, त्यामुळे त्याचं ते बसणं मला रोज बघावं लागायचं. धडधाकट माणूस रिकामा बसलेला दिसला की माझं डोकं फिरतं.

त्याची बायको कस्तुरा मात्र बसणाऱ्यातली नव्हे. तिला कडक भाकरी मी शिकवली. आता ती माझ्यापेक्षा पातळ थापते, पण हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल करणार नाही. आम्ही दोघी मिळून भाकरी करून विकतो. मोहोळच्या एका ढाबेवाल्याला त्या आवडल्या आणि त्याने रोजची मागणी दिली. अट एकच होती. सोमवारी सकाळी पहिला माल वेळेवर पोचला नाही, तर तो दुसरीकडून घेणार.

माल न्यायला हरिबाने मेव्हण्याच्या दारात पडून असलेली जुनी गाडी आणली. मागचं सीट काढून डब्यांना जागा केली. चालवणार तोच. कारखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने दाढी वेळेवर केली. आणि शुक्रवारी गाडी दारात येऊन जी बंद पडली ती पडलीच. इंजिनाच्या आतला पट्टा तुटला होता.

"गॅरेजात दे की," मी म्हणाले.

"त्यो बुधवार म्हनतोय, अक्का. आन मी काय मेलोय व्हय? हयातभर मागाच्या पुल्या काढल्या मी."

नवा पट्टा त्याने लगेच आणला. पण तो बसवायचा तर इंजिनाची मोठी पुली आधी काढायला हवी, आणि तिला धरून ठेवणारा मधला बोल्ट हलेना. हरिबाने पुढचं चाक काढलं, गाडीखाली विटा लावल्या आणि पोतं अंथरून आडवा झाला. इंजिन फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून कस्तुरा ब्रेक दाबून बसली. पान्ह्याला लोखंडी पाईप अडकवून हा जोर लावायचा, गाडी कुरकुरायची, बोल्ट ढिम्म. शनिवार असाच गेला. गंजावर तेल सोडून झालं, उकळतं पाणी ओतून झालं. रविवारी दुपारी तर तो त्या बोल्टला नावं ठेवायला लागला, तीही अशी की मला शेगडीपाशी ऐकू येत होती.

मी पीठ मळायचं सोडून त्याच्याजवळ जाऊन बसले. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण नुसतं बसून राहिलं की माणसाला दिसतं. म्हटलं, "हरिबा, काल चाकाचे नट तू डावीकडं फिरवून सोडवलेस. मग ह्याला उजवीकडं का ढकलतोयस?"

"ह्या बाजूची पुली उलट्या आट्याची असती, अक्का. मागाला तसंच असतंय."

"ह्यो माग हाय का?"

पाईप थांबला. मग तो सरपटत बाहेर आला आणि पोत्यावर तसाच बसून राहिला. त्याच्या कारखान्यातल्या मागांवर त्या बाजूचा नट उलटा सुटायचा. इतकी वर्षं हाताला तीच सवय. दोन दिवस हरिबा बोल्ट सोडवत नव्हता, उलट आवळत होता.

मला हसू फुटणार होतं, पण त्याच्याकडे बघितलं आणि विरलं. घाम पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"आता उलटा जोर लावला आन बोल्ट मोडला तर इंजिनच गेलं," तो म्हणाला. "माजा हातच गेला, अक्का. कामातनं गेला."

कस्तुराने ब्रेकवरचा पाय काढला नाही. खिडकीतून मान बाहेर काढून ती म्हणाली, "हात कुटं गेलाय? त्यो अजून कारखान्यातच हाय. कारखाना न्हाय ऱ्हायला, त्याला सांगा आता. घरला बोलवा."

हरिबा पुन्हा पोत्यावर आडवा झाला. आत शिरला, पान्हा दुसऱ्या अंगाने लावला. एकदम जोर न लावता हळूहळू भार वाढवत गेला. मी मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला हाक मारली. कडकन आवाज झाला. मोडला, असंच मला वाटलं. कस्तुराने डोळे मिटले.

"सुटला!" खालून आवाज आला. "ए कस्तुरे, सुटला!"

पुली तरीही गंजाने चिकटून बसली होती. मी हातोडा पुढे केला तर माझ्यावरच खेकसला, "मारायचं न्हाय अक्का, काठ फुटंल तिचा." पुली ओढून काढायचा आपला जुना पुलर आणला, त्याच्या पकडी पुलीला अडकवल्या आणि मधला स्क्रू थोडा थोडा आवळत गेला. मध्येच थांबायचा, तेल सोडायचा, पुन्हा आवळायचा. त्याचा चेहरा मला बऱ्याच दिवसांनी ओळखीचा वाटला. पुली हातात आली तेव्हा तो ती उलटीपालटी करून बघत राहिला आणि मी भाकरी थापायला पळाले, कारण माझं पीठ वाळत होतं.

दिवेलागणीला गाडी सुरू झाली. सोमवारी आम्ही तिघं मोहोळला गेलो. डबे मांडीवर घ्यायला मी आणि कस्तुरा, नाहीतर खड्ड्यांत भाकरीचा भुगा झाला असता. ढाबेवाल्याने एक भाकरी काढून तिचा तुकडा मोडला, खाल्ला आणि डबे आत न्यायला सांगितले. शाबासकी वगैरे काही नाही. जाताना हरिबा गाडीत बसला, पुन्हा उतरला आणि काउंटरपाशी गेला.

"मालक, उद्या अजून थोडं लवकर आणू का?" त्याने विचारलं.

कारखाना बंद झाल्यापासून मी त्या माणसाला रोज समोर बघत आले आहे. या वर्षभरात त्याच्या तोंडून उद्याची गोष्ट मी ऐकली नव्हती. कस्तुरानेही ऐकली नसावी, कारण ती माझा हात घट्ट धरून भर ढाब्यावर रडायला लागली.