चंद्राचा लेखी खुलासा

ऑडिटर म्हणून मी आजवर पुष्कळ जणांकडून खुलासे मागवलेत. चंद्राचा खुलासा मात्र मलाच द्यावा लागला.

आमची फर्म सांगलीची, पण मोठे साहेब पुण्याला बसतात. पूर्वी आम्ही पतसंस्थेत जायचो, चार पावत्या इकडच्या, चार तिकडच्या काढून बघायचो, चहा-भजी खायचो आणि सही करून मोकळे व्हायचो. मग साहेबांनी एक सॉफ्टवेअर आणलं. ते म्हणे संस्थेची एकूण एक नोंद वाचतं आणि लबाडी हुंगून काढतं.

इस्लामपूरजवळच्या एका खेड्यातल्या पतसंस्थेवर त्यानं पहिला लाल शेरा मारला. महिन्यातला एक दिवस इथं ना ठेव येते, ना कर्ज सुटतं, ना नवं खातं उघडतं. शिवाय तो दिवस दर महिन्याला सरकतो. म्हणजे कुणीतरी ठरवून नोंदी गायब करतंय. संशय मॅनेजरवर.

हा मॅनेजर दिवाळीनंतर निवृत्त होणार होता. गावात कुजबुज सुरू झाली होती. "मॅडम, डाग घिऊन घरी जायाची येळ आणू नगा," तो म्हणाला. संचालकांनी निरोपाची शाल आणून ठेवली होती, पण अहवाल निर्दोष आल्याशिवाय ते घडी मोडणार नव्हते. सन्मानाचा नारळ मिळतोय की नुसताच नारळ, एवढाच प्रश्न होता.

मी त्या तारखा कॅलेंडरवर लावून बघितल्या आणि कपाळावर हात मारला. अहो, अमावस्या!

"मग? अमावस्येला कोन ठेव ठिवतंय?" मॅनेजरनं मलाच विचारलं.

साहेबांना फोन केला. वाटलं, हसतील. कसलं काय! "सॉफ्टवेअरमध्ये कारण भरा," म्हणाले. कारणांची यादी तयारच होती: संप, पूर, वीज नाही, इतर. मी 'इतर' निवडलं आणि पुढं लिहिलं, 'चंद्र'. यंत्रानं ते मुकाट मान्य केलं. अमावस्येला इथं व्यवहार होत नाहीत, एवढं ते शहाणं बाळ शिकलं.

मग आलं लक्ष्मीपूजन. म्हणजे अमावस्याच की! त्या संध्याकाळी अख्खं गाव नवी कापडं घालून पतसंस्थेत. ज्याला त्याला आजच्या दिवशी खात्यात काहीतरी टाकायचं होतं. सुट्टीवर आलेल्या एका फौजीनं तर तान्ह्या लेकीचं खातं उघडलं. मॅनेजर हौसेनं पेढे वाटत होता.

सकाळी यंत्र खवळलं. जिथं अमावस्येला काहीच होत नाही, तिथं एवढे व्यवहार! मॅनेजरवर दुप्पट संशय, आणि पुरावा म्हणून माझाच 'चंद्र'.

"आवं मॅडम, त्याला सांगा की, ही अमावस्या चांगली असती," मॅनेजर अगदी रडकुंडीला आला होता. मला त्याची दया आली आणि साहेबांचा संताप. फोनवर मी उखडलेच.

"साहेब, लक्ष्मीपूजनाला तुम्ही काय केलंत?"

"ऑफिसात पूजा."

"कशाची?"

पूजा त्याच सॉफ्टवेअरच्या लॅपटॉपची झाली होती. कीबोर्डात हळद-कुंकू अजून अडकलंय, हेही त्यांनी कबूल केलं.

तरी खुलासे आणि पुरवणी खुलासे यांत महिना गेलाच. एका सकाळी एकदाचा हिरवा शेरा आला. मी लगेच मॅनेजरला फोन लावला. "सुटलात! आत्ता सही करते आणि अहवाल घेऊन निघते. शाल काढायला सांगा!"

तो हळूच म्हणाला, "मॅडम, आज नगं. उद्या या."

"आता काय झालं? महिनाभर जीव खाल्लात माझा!"

"आज अमावस्या हाय. रुजू झालो तवाबी टाळूनच झालो हुतो, मग जाताना कशाला इघ्न? आन् सहीखालची तारीखबी उद्याचीच घाला."

तोंडाला येईल ते बोलले मी त्याला. मग गाडीची किल्ली खुंटीला लावली, सही केली आणि खाली उद्याची तारीख घातली. सगळ्या प्रकरणात खोटी नोंद ती एवढीच, आणि तेवढी काही यंत्राला सापडली नाही.