दाजीबाच्या वहीतले चौदा गुण

दाजीबा पवार गेला, असं शिपायानं कचेरीत येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कुणी सांगितलं?" जिल्ह्याच्या सांख्यिकी कचेरीत वीस वर्षं काढलेला माणूस मरणाच्या बातमीलाही पुरावा मागतो... माधवनगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. घरी पोचलो तर त्याच्या अंगणात माणसं जमली होती. मग विचारायचं काही उरलं नाही.

दाजीबा मूळचा पाटणचा. फौजेत असताना छावणीच्या गोल्फ मैदानावर त्याची नेमणूक होती. गवत राखायचं आणि साहेबांच्या काठ्यांची पिशवी उचलायची. बहात्तर साली निवृत्त होऊन तो इथल्या गिरणीत पहारेकरी लागला, पण डोक्यातून गोल्फ गेलं नाही. त्याचे जुने कर्नल वाचून झालेली इंग्रजी क्रीडा मासिकं त्याला पार्सलानं पाठवत. त्यातले निकाल बघून तो एका लांबट वहीत जगभरच्या धंदेवाईक गोल्फ खेळाडूंची क्रमवारी लावायचा. गल्लीत या खेळाला 'सायबाचा विटीदांडू' म्हणत. दाजीबाला त्याचा राग नव्हता. तो मला समजावायचा, की पूर्वी वर्षभरात बक्षिसाचा पैसा ज्यानं जास्त मिळवला तो पहिला, एवढाच हिशेब होता. आपल्या जत्रेत हजाराची कुस्ती शंभराच्या कुस्तीपेक्षा मोठी ठरते, तसा. पण एका श्रीमंत देशातलं एक बक्षीस दुसरीकडच्या चार बक्षिसांना भारी, मग पैशानं माणूस मोजायचा कसा? पुढं खेळाडूंचेच व्यवहार बघणाऱ्या एका एजंटानं गुणांची यादी काढली, जुन्या विजयापेक्षा ताज्याला जास्त वजन देऊन. त्यात त्याचे स्वतःचे खेळाडू वर नसतील कशावरून? "ज्याचा बैल, त्योच पंच," दाजीबा म्हणायचा. "आपली यादी आपुन लावायची, अण्णा." आमची मैत्री जमली ती अशी, दोघांच्याही संशयी स्वभावावर.

त्याचे नियम मात्र कडक होते. सामन्यागणिक गुण, दर वर्षी जुने गुण निम्मे, आणि बेरीज अर्ध्या गुणाखाली गेली की नाव बाद. पंच्याहत्तरच्या अखेरीस त्यानं पहिल्यांदाच वही माझ्याकडे तपासायला दिली. तिसाव्या ओळीत नाव होतं, गणपत मेटकरी, गुण चौदा. मागची पानं उलटली. चौऱ्याहत्तरला चौदा, त्र्याहत्तरला चौदा, बहात्तरलाही चौदाच. आणि मासिकांत हे नाव कुठंच नव्हतं.

हे मी त्याला घरी विचारू शकलो असतो. विचारलं ते वाचनालयाच्या ओट्यावर, चार माणसांदेखत. तो म्हणाला, गणपत आटपाडीचा, त्याच्याबरोबरच पिशव्या उचलायचा. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात छावणीत आलेल्या एका नावाजलेल्या खेळाडूला त्यानं उसन्या काठ्यांनी हरवलं. धंदेवाईक म्हणून त्याचं नाव नोंदवायचं कर्नलनी ठरवलं होतं, तेवढ्यात लढाई लागली. "परत आला न्हाई," दाजीबा म्हणाला. मी विचारलं, कागद आहे का काही? नव्हता. ओट्यावरच्या एकानं विचारलं, "मग तुमचा सोताचा कितवा नंबर लावलाय, हवालदार?" सगळे हसले. मी हसलो नाही. पण मी जे बोललो ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"स्वतःचा नियम तू पाळत नसशील, तर तुझ्यात आणि त्या एजंटात फरक काय?"

दाजीबानं वही मिटली. "नाव खरं हाय, अण्णा. आकडा तेवढा माझा हाय."

त्यानंतर त्यानं मला वही कधी दाखवली नाही. बोलणं चालू राहिलं, पाण्याचं, रेशनचं... सत्त्याहत्तर साली पिकाच्या अंदाजासाठी आटपाडीला जावं लागलं, तेव्हा मी मेटकरींचं घर शोधून काढलं. शोक करायला नव्हे, पडताळायला. म्हातारीनं गूळपाणी दिलं, कोनाड्यातून चिरलेला पांढरा चेंडू काढला आणि मुलाचं पत्रही. पत्रात सगळं होतं, खेळाडू, उसन्या काठ्या, कर्नल. मी आधी तारीख पाहिली. जून एकाहत्तर.

माधवनगरला परत आल्यावर पहिली गोष्ट दाजीबाला हे सांगायची होती. आधी त्यानं वही काढावी, मग आपण सांगावं, असं म्हणत मी वर्ष घालवलं. तो भिंतीपलीकडेच होता.

तेराव्यानंतर वहिनी वही घेऊन आल्या. "आवं अण्णा, ह्यातलं आमाला काय कळतंय. तुमीच ठेवा."

मी पंच्याहत्तरची यादी उघडली. तिसाव्या ओळीतल्या चौदावर पट्टीनं मारलेली बारीक रेघ होती. शेजारी मोकळ्या जागेत त्याच्या अक्षरात ओळीनं लिहिलेलं, बहात्तर, सात. त्र्याहत्तर, साडेतीन. चौऱ्याहत्तर, पावणेदोन. पंच्याहत्तर, ०.८७५. आणि तारीख, ओट्यावरच्या त्याच दिवसाची. शहात्तरच्या यादीत गणपत मेटकरी नाही. तिथं तो अर्ध्या गुणाखाली जातो.

वही आता माझ्या टेबलावर असते. कुठंतरी त्याची चूक निघावी म्हणून मी तो भागाकार पुन्हा पुन्हा करून पाहतो. चूक निघत नाही.